हलका फोन, चांगला व्हिडिओ आणि कोल्हापूरचा गुलाल

प्रश्न थोडक्यात असा: कुस्तीची मैदानं, खाण्याचे गाडे आणि पावसाळी भटकंती यांचे व्हिडिओ करायचे आहेत. जड फोनने मनगटाला रग लागते, म्हणून १८० ग्रॅमच्या आतला फोन हवा. बजेट ४० हजारांच्या आसपास आहे. आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत ज्या दुकानात जावं तिथे मेगापिक्सेलचाच आकडा ऐकवला जातो.

मेगापिक्सेल पहिल्यांदा डोक्यातून काढा. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची असते, म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी व्हिडिओत तेवढेच उतरतात. बाकीचे पिक्सेल झूम करताना थोडेफार कामी येतात, पण त्यावरून फोन निवडायचा नाही.

फोन ठरतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: तुमचा सगळ्यात लांब शॉट किती मिनिटांचा असतो? फोनचं वजन मुख्यतः बॅटरी, काच, धातूची चौकट आणि कॅमेऱ्याचा ठोकळा यांचं असतं. वजन कमी करायचं तर कंपनी यांतलंच काहीतरी कापते, आणि बहुतेक वेळा बॅटरी कापली जाते. बारीक अंगाच्या फोनला उष्णता पसरायला जागाही कमी मिळते. तीस सेकंदांचे तुकडे जोडून रील करणाऱ्याला याचा काहीच त्रास होत नाही. अर्धा तास चालणारी निकाली कुस्ती सलग घेणाऱ्याला मात्र एप्रिलच्या उन्हात हा फोन दगा देऊ शकतो. आधी स्क्रीन मंद होते, मग सेकंदाला ६० फ्रेमचा पर्याय बंद पडतो, शेवटी कॅमेराच बंद होतो. अॅपल आयफोनसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा त्याच्यावर असतो.

आता वजनाचं. जाहिरातीतलं वजन नुसत्या फोनचं असतं. त्यावर कव्हरचे २५ ते ४० ग्रॅम, टेम्पर्ड काचेचे दहाएक ग्रॅम आणि वायरलेस माइकचा रिसीव्हर लावला तर आणखी १५-२० ग्रॅम धरा. १६५ ग्रॅमचा फोन हातात येईपर्यंत सव्वादोनशेच्या घरात जातो. २२० ग्रॅमचा घेतला असता तर पावणेतीनशे. कव्हर पातळ सिलिकॉनचं घ्या. चिलखतासारखी जाड कव्हरं वजनही वाढवतात आणि उष्णताही कोंडतात.

वजनाइतकाच तोलही बघा. कॅमेऱ्याचा ठोकळा वरच्या टोकाला असल्याने काही फोन आडवे धरले की एका बाजूला ओढतात, आणि मनगटाला रग लागते ती याच ओढीने. दुकानात फोन आडवा, एका हातात, छातीच्या उंचीवर धरून दोन मिनिटं उभे राहा. वजनकाट्यावर न दिसणारा फरक त्यात कळतो.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. हलका फोन हातात जास्त थरथरतो. जड वस्तू बारीक कंप स्वतःच गिळते, हलकी गिळत नाही. म्हणून हलका फोन घेणाऱ्याने स्थिरीकरणात अजिबात तडजोड करू नये. ओआयएस म्हणजे भिंग किंवा सेन्सर प्रत्यक्ष हलवून धक्का जिरवणारी यंत्रणा. ईआयएस म्हणजे फ्रेमच्या कडा कापून सॉफ्टवेअरने केलेली सारवासारव. दिवसाउजेडी ईआयएस छान चालतं. पण संध्याकाळी शटर जास्त वेळ उघडं राहतं, प्रत्येक फ्रेम मुळातच पुसट येते, आणि सॉफ्टवेअर ती पुसट फ्रेम जागेवर बसवत राहतं. मग दिव्यांभोवती ठिपके नाचल्यासारखे दिसतात. त्यामुळे मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस हवंच, आणि ते ४केमध्येही चालतं का हे तपासा. बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनांत ‘सुपर स्टेडी’ नावाचा पर्याय फक्त फुल एचडीपुरता असतो, तोही जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड कॅमेऱ्यावरून घेतलेला, म्हणजे रात्री निरुपयोगी.

याच संदर्भात गिंबलबद्दल, म्हणजे फोन स्थिर धरणाऱ्या मोटरच्या दांड्याबद्दल. हलका फोन घेऊन गिंबल लावू, असा विचार असेल तर गिंबलची वजनमर्यादा वाचा. मर्यादा खालूनही असते. उदाहरणार्थ डीजेआय ओस्मो मोबाइल ६ साठी फोन १७० ते २९० ग्रॅमचा हवा, आणि स्वतः गिंबल क्लॅम्पसह ३०० ग्रॅमच्या वर आहे. मनगट वाचवायला हलका फोन घ्यायचा आणि वर हे जोडायचं, यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा खाली पाव इंची स्क्रू बसणारी छोटी मूठ घ्या, कोपरं बरगड्यांना टेकवा, दोन्ही हातांनी धरा. आखाड्याच्या कडेला उभं राहून घ्यायच्या शॉटला एवढं पुरतं.

मॉडेलांकडे वळू. किमती सणासुदीला आणि सेलमध्ये खालीवर होतात, त्यामुळे त्या दिवशीचा भाव दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे बघा. वजनाचे आकडे मात्र बदलत नाहीत.

सॅमसंगची छोटी एस मालिका या कामाला सगळ्यात सरळ बसते. एस२३ १६८ ग्रॅम, एस२४ १६७ आणि एस२५ १६२ ग्रॅम. तिन्हींना ओआयएस असलेला ३ पट झूमचा वेगळा कॅमेरा आहे, ४केमध्ये सेकंदाला ६० फ्रेम मिळतात, पाण्यापासून बचावाचा आयपी ६८ दर्जा आहे आणि ‘प्रो व्हिडिओ’मध्ये शटर, फोकस, आवाजाची पातळी हाताने ठरवता येते. बॅटरी ३९०० ते ४००० एमएएच, म्हणजे दिवसभराच्या शूटिंगला पॉवर बँक लागणारच. नवीन एस२५ बजेटबाहेर वाटला तर मागच्या पिढीचा फोन साठा असेपर्यंत सेलमध्ये शोधा. याच कंपनीच्या ए मालिकेत ओआयएस मिळतं, पण ए३५ २०९ आणि ए५५ २१३ ग्रॅमचा आहे, तुमच्या अटीत बसत नाही.

खर्च कमी करायचा असेल तर मोटोरोला एज ५० निओ बघण्यासारखा आहे. १७१ ग्रॅम, आयपी ६८, मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस आणि या किमतीत सहसा न मिळणारा ३ पट झूमचा कॅमेरा. उणीव अशी की ४के फक्त ३० फ्रेमपर्यंत, आणि प्रोसेसर मध्यम असल्याने फोनवरच लांब एडिटिंग करणाऱ्याला तो संथ वाटेल. खाण्याचे व्हिडिओ आणि भटकंतीला चालेल. कुस्तीचे डाव संथ गतीत दाखवायचे असतील तर तो तुमचा फोन नाही.

आयफोन नवीन घ्यायचा तर १६ हा १७० ग्रॅमचा आहे, पण बजेट ताणावं लागेल. १६ई १६७ ग्रॅमचा, मागे एकच कॅमेरा, म्हणजे वाइडही नाही आणि झूमचं वेगळं भिंगही नाही. जुन्यांत १३ हा १७४ ग्रॅमचा, सेन्सर हलवून स्थिर करणारा आणि ४के ६० फ्रेम देणारा आहे, सेकंडहॅंड बाजारात भरपूर मिळतो. १३ मिनी १४१ ग्रॅमचा आहे आणि अनेकांचा जीव त्यात अडकतो. व्हिडिओ खरंच उत्तम, पण बॅटरी अडीच हजार एमएएचच्याही आतली. सकाळी मैदानावर गेलात तर दुपारच्या मोठ्या कुस्तीपर्यंत टिकणार नाही.

गुगल पिक्सेल ९ए १८६ ग्रॅम. सहा ग्रॅमसाठी अडून बसू नका. बॅटरी ५१०० एमएएच आहे आणि ४के ६० फ्रेम मिळतात. झूमचं वेगळं भिंग नाही, एवढंच.

झूमचा मुद्दा कोल्हापुरात महत्त्वाचा का, तर खासबागेच्या पायऱ्यांवरून आखाड्यातली पकड किंवा शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून पलीकडच्या गोलपोस्टचा फुटबॉल टिपायचा असतो. सेन्सर कापून केलेला २ पट झूम भरपूर उजेडात खपून जातो, त्यापुढे चेहरे मेणासारखे दिसतात. त्यातही एक मेख आहे. उजेड कमी झाला किंवा वस्तू जवळ आली की फोन गुपचूप झूमचं भिंग सोडतो आणि मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून ‘३ पट’ म्हणून दाखवतो. ओळखायचं कसं? ३ पटवर जाऊन झूमच्या भिंगावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर चित्र दुसऱ्याच भिंगातून येतंय.

६० फ्रेम की ३०? चपळ कुस्ती, फुटबॉल, शर्यती यांना दिवसा ६०. रात्रीच्या मैदानाला ३०, कारण ६० फ्रेममध्ये प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त एक साठांश सेकंद उजेड मिळतो, ३० मध्ये त्याच्या दुप्पट मिळू शकतो.

आता सगळ्यात जास्त तक्रार होणारी गोष्ट: दिव्यांखाली व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकणं. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटरची वेळ या ठेक्याशी जुळली नाही की पट्टे दिसतात. उपाय ठरलेला आहे: शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा. ६० फ्रेमला १/५० जमत नाही, तिथे १/१००. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नाही, पण सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन पाल फॉरमॅट सुरू केला की २५ फ्रेमचा पर्याय येतो, त्याने पट्टे बरेच कमी होतात. पूर्ण ताबा हवा असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप आयफोनवर आणि निवडक अँड्रॉइड फोनांवर चालतं. अँड्रॉइड घेण्याआधी तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघा. मैदानावरचे मोठे दिवे आणि गाड्यांवरचे लोंबते एलईडी हे दोन्ही असे पट्टे आणतात, म्हणून ज्या फोनात शटर कुठल्याच मार्गाने बांधता येत नाही तो रात्रीच्या कामाला घेऊच नये.

आवाज. प्रेक्षक हलणारं चित्र एकवेळ सहन करतो, फुटका आवाज नाही. हलगी-घुमक्याचा ठोका फोनच्या माइकला झेपत नाही. फोन आपोआप पातळी खाली ओढतो आणि पुढचे काही क्षण निवेदकाचा आवाज बुडतो, परत वर येतो, परत बुडतो. हलगीवाल्यांपासून लांब, शक्यतो त्यांच्या पाठीमागे उभे राहा, आणि प्रो व्हिडिओत आवाजाची पातळी हाताने इतकी खाली ठेवा की सगळ्यात मोठ्या ठोक्यालाही पट्टी लाल होणार नाही. मुलाखतीला कॉलर माइक हवाच. वायरवाला स्वस्तात मिळतो. बोयाच्या एम१ ची वायर सहा मीटर आहे, पण त्याची पिन ३.५ मिलिमीटरची, आणि हलक्या फोनांत आता ते भोक उरलेलं नाही. टाइप-सी कन्व्हर्टर घ्यावा लागेल, तोही आत चिप असलेला, कारण साधा कन्व्हर्टर अनेक फोनांत चालत नाही. ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या फोनांत ओटीजी (बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून सुरू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही तर ते बंद होतं. माइक ‘चालत नाही’ म्हणून परत करणाऱ्यांत असे बरेच असतात. आणखी एक: काही फोनांचं मूळ कॅमेरा अॅप बाहेरचा माइक ओळखतच नाही. फोन घ्यायला जाताना स्वतःचा माइक खिशात घेऊन जा, जोडा, माइकवर नखाने टकटक करा आणि रेकॉर्डिंग ऐका.

साठवण १२८ जीबीची घेतली तर प्रत्यक्ष शंभरेक जीबी हाती लागते. ४के ३० फ्रेम व्हिडिओ दाबून साठवायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीत मिनिटाला साधारण ३५० ते ३६० एमबी खाते, म्हणजे साडेचार-पावणेपाच तासांत फोन भरला. एचईव्हीसी पद्धतीत आयफोनला तेच सुमारे १७० एमबी पुरतात. मेमरी कार्डाची खाच या फोनांत नाही. पैसे जमत असतील तर २५६ घ्या. एचईव्हीसीची फाइल जुन्या संगणकावर अडखळते, तेव्हा एडिटिंग कुठे करणार ते आधी बघा. आयफोनचा एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त आवाका दाखवणारा) व्हिडिओ दुसऱ्याच्या संगणकावर फिकट किंवा भडक दिसतो, लग्नाचं किंवा ग्राहकाचं काम देणार असाल तर एचडीआर बंद ठेवा. फोन सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही, कमीजास्त करतो. लांब मुलाखतीत वेगळा घेतलेला आवाज ओठांशी जुळेनासा झाला तर बहुधा हेच कारण. हॅंडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट कॉन्स्टंट करून फाइल काढली की सुटतं.

आता आपल्याकडचे खास शत्रू. पहिला गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तो हवेतच असतो. माइकच्या जाळीत आणि चार्जिंगच्या खाचेत बसला की आवाज दबतो आणि केबल नीट बसत नाही. तोंडाने फुंकू नका, थुंकीच्या ओलाव्याने त्याचा लगदा होतो. कोरड्या, मऊ ब्रशने फोन उलटा धरून झाडा. यात्रेला जाण्याआधी खाचेला रबरी बूच लावा. भिंगावर काचेचं संरक्षण चिकटवायची हौस मात्र टाळा. रात्री समोर हॅलोजन आला की त्या काचेतून चित्रात दुसरा भुताटकी दिवा उमटतो.

दुसरा पाऊस. गगनबावडा, दाजीपूर, मसाई पठार इथे आयपी ६८ चा उपयोग होतो, पण ती चाचणी स्थिर, स्वच्छ पाण्याची असते. धबधब्याचा मारा किंवा साबणाचं पाणी त्यात धरलेलं नाही. फोन एकदा उघडून दुरुस्त केला असेल तर सील पूर्वीसारखं राहीलच असं नाही. खाच ओली असताना चार्जिंगला लावू नका. गाडीच्या एसीतून बाहेर धुक्यात आलात तर भिंगावर वाफ धरते, पाचेक मिनिटं थांबल्याशिवाय शूटिंग सुरू करू नका.

तिसरी बाइक. पन्हाळ्याचा घाट हॅंडलवर फोन लावून टिपायचा मोह सगळ्यांना होतो. ताकदवान इंजिनांचा कंप ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडवू शकतो, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये दिला आहे, आणि ज्या फोनात भिंग तरंगतं त्या सगळ्यांना तेच तत्त्व लागू पडतं. बिघाड झाला की चित्र जेलीसारखं थरथरतं आणि कॅमेरा बदलावा लागतो. घाटासाठी जुना फोन किंवा अॅक्शन कॅमेरा वापरा.

मिसळीच्या कटाची किंवा तांबड्या रश्श्याची वाफ ही लहान गोष्ट, पण तिचा तेलकट थर भिंगावर बसतो आणि पुढचे सगळे शॉट धुरकट येतात. वाटीवर फोन धरू नका. बाजूने, दीड-दोन फुटांवरून २ पटवर घ्या, आणि प्रत्येक गाड्यानंतर भिंग पुसा.

दुकानात डेमो फोन हातात आला की भिंग पुसा, ४के ३० लावा आणि रेकॉर्डिंग सुरू ठेवून दुकानातून रस्त्यावर वीस पावलं चाला. सावलीतून उन्हात येताना उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो की सरळ, ते दिसेल. चालता-चालता वाइडवरून मुख्य भिंगावर या: रंग एकदम बदलला तर ते एडिटिंगमध्ये कायम सलेल. वाइड कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा असेल तर त्याला ४के मिळणार नाही हे धरूनच चाला. २ मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ कॅमेरे मोजू नका. मग दोन मीटरवरून सोबत्याला बोलायला लावा, रहदारीत त्याचं बोलणं कळतं का ऐका. शेवटी गॅलरीत फाइलचा तपशील उघडून रिझोल्यूशन आणि फ्रेम खरंच मागितल्या तेवढ्याच आहेत का बघा. उष्णतेची परीक्षा दुकानात होत नाही. ती बदलून मिळण्याच्या मुदतीत घरी करा: दुपारी सावलीत, कव्हर काढून, वीस मिनिटं सलग ४के. बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा, त्याच हिशेबाने पॉवर बँक घ्या. १० हजार एमएएचची पॉवर बँक २०० ग्रॅमच्या आसपास असते, ती खिशात ठेवून मीटरभर केबलने जोडा, फोनच्या पाठीला चिकटवू नका. आणि उन्हात रेकॉर्डिंग चालू असताना चार्जिंग टाळा, दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात करा.

सेकंडहॅंड घेणार असाल तर फोन कानाजवळ हलवा. कॅमेरा बंद असताना बारीक टकटक येणं ओआयएसच्या फोनात स्वाभाविक आहे. कॅमेरा सुरू करूनही टकटक थांबली नाही किंवा स्थिर वस्तूचं चित्र लाटांसारखं हललं तर सोडून द्या. आयफोनची बॅटरी हेल्थ ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक घ्या, केवायएम, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर इंग्रजी अक्षरांत पाठवा. चोरीची नोंद असलेला किंवा बनावट क्रमांकाचा फोन तिथेच कळतो. पैसे त्यानंतर द्या, आणि पावतीवर तोच क्रमांक लिहून घ्या.